हक्काची गिऱ्हाईकं

मंडळी, एरवी दुकानाबाहेरच्या या फळ्यावर मी चहा-भजीचे भाव लिहितो. आज सकाळी घडलं ते लिहितोय.

बंदराजवळ चहाचं दुकान घातलं तेव्हा लोक हसले होते. तात्या आणि त्यांचे तिघे सोबती तेवढे रोज यायचे. त्यांच्यावरच माझी चूल पेटत राहिली. हक्काची गिऱ्हाईकं, म्हणायचो मी.

आज महारवाड्यातला गोविंदा मुंबईच्या आगबोटीतून उतरला, तो तापाने थरथरत. एरवी तो बाहेर उभा राहून करवंटीत चहा घेतो. आज मी त्याला आत बाकावर बसवलं, कपात चहा दिला.

चौघेही अर्धे कप टाकून उठले. तात्या म्हणाले, "त्याला उठव, नायतर आम्ही चाललो. दुकान कोणाच्या जिवावर चालतं ते विसरू नको."

"नको शेट, मी भायर बसतो," म्हणत गोविंदा उठायला लागला. मी खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

चौघे गेले. 'हक्काची' म्हणताना हक्क कोणाचा, ते आज कळलं.

आता दुपार झाली. आधण आटत चाललंय आणि तुम्ही फळा वाचून पुढे जाताय. चहा तयार आहे, कप सगळ्यांना सारखेच. आत कोण येतंय?