दरीवरची तार

एकवीस वर्षं तो दरीवरचा पाळणा ओढत होता. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत जाड तार, तारेला लोंबणारी माणसांची पेटी आणि अलीकडच्या काठावर मोटारीची खोली. सगळे त्याला तारवालाच म्हणत. जमीन जराशी हलली तरी तो मोटार बंद करी, तारेवर उघडा तळवा ठेवी आणि तार शांत झाल्याशिवाय पेटी हलू देत नसे. लोक हसत. वहिनी सगळ्यांत जास्त.

"भाऊजी, एवढा वेळ माझ्या जावेचा हात धरला असतात, तर ती रुसून माहेरी बसली नसती!"

वहिनी पलीकडच्या दवाखान्यात नर्स. त्या दुपारी ती एकटीच पेटीतून घरी निघाली होती. पेटी दरीच्या मधोमध आली आणि जमीन हलू लागली. दणका नाही, आवाज नाही. एखादं अवाढव्य जनावर झोपेत कूस बदलतंय, तशी हलतच राहिली. त्याने मोटार बंद केली.

कचेरीतून साहेबांचा फोन आला. "खोल भूकंप आहे. दोनशे किलोमीटर खाली. एका भिंतीला तडा नाही. पाळणा चालू कर."

"भिंती थांबल्या साहेब. तार अजून झुलतेय."

मग वहिनीचा फोन. "भाऊजी, ओढा ना! पेटी नुसती झुलतेय. मला काही झालं तर तुमच्या दादांना तोंड दाखवू नका!"

"वहिनी, खाली बसा. दांडा धरा. डोळे मिटा."

त्याने तारेवर तळवा ठेवला. प्रत्येक झोक्याला एक गुळगुळीत ठोका यायला हवा होता. आज ठोक्याच्या शेवटी काहीतरी खरवडत होतं. बटणाकडे गेलेलं बोट त्याने मागे घेतलं, मोटारीचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि तार पेलणाऱ्या चढावरच्या खांबाकडे धावला.

वर चढून पाहिलं. तार खांबावरच्या चाकाच्या खाचेतून निसटून नुसत्या काठावर टेकली होती. मोटारीचा एक हिसका, की सगळं दरीत.

साखळीच्या कप्पीने त्याने तार इंच-इंच उचलली. दोनदा घसरली, खांदा सोलवटून गेली. तिसऱ्यांदा खाचेत बसली. मग खाली येऊन हाताने फिरवायच्या दांड्याने त्याने तासभर पेटी ओढली.

पेटीतून उतरताच वहिनीने फरशीवरच बसकण मारली. ती पाणी प्यायली, मग तिने त्याचा रक्ताळलेला खांदा पाहिला. त्याने निसटलेली तार आणि साहेबांचा हुकूम, दोन्ही सांगितलं.

"साहेबांना फोन लावा," ती म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा. दिराने ऐकण्यासारखं नाही ते."