व्हर्नाच्या कागदी ताटल्या

व्हर्ना स्टोल्झला मी फसवलं. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कौतुक माझ्या तोंडी शोभणार नाही.

नेब्रास्कातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती एकतीस वर्षं होती. रोज तीनशे मुलांचं जेवण, आणि उरलंय किंवा कमी पडलंय असं कधी नाही. नवरा गेल्यावर तिने राहण्याजोगी गाडी घेतली आणि आम्हा म्हाताऱ्यांसारखीच दर हिवाळ्यात ॲरिझोनाच्या या वाळवंटात येऊ लागली. इथे ऊन फुकट, वीज मात्र ज्याची त्याने करायची. छपरावर सौर पॅनेल किती लावावं, बॅटरी केवढी घ्यावी, हे जो तो व्हर्नाला विचारायचा. ती कागदी ताटली उलटी करायची, पेन्सिल काढायची आणि म्हणायची, "काय काय लावतोस? किती वेळ?"

माझी ताटली बीन्सच्या पंगतीनंतर सगळ्यांसमोर आकड्यांनी भरली गेली. मी जन्मभर तंबूच्या नाटकमंडळीत राजे रंगवले, म्हणून ती मला राजेच म्हणते.

"तीन दिवे, चार तास. साठ वॅट-तास. पंखा चाळीस. फोन न् रेडिओ तीस. एकशे तीस झाले, राजे. आणखी?"

"काही नाही."

"आठव नीट. केस वाळवायचं यंत्र?"

"केस कुठायत?"

पंगत हसली. टाळी मिळाली की मी तिथेच थांबतो. खोड जुनी आहे.

"मग शंभर वॅटचं एक पॅनेल पुरे. हिवाळ्यातलं ऊन मी चारच तास धरते, वर पाव भाग वाया. तरी तीनशे येतील. बॅटरी बाराशेची घे, पण वापरायची निम्मीच. पातेल्याचा तळ खरवडला की पातेलंच जातं. चार दिवस ढग आले तरी अंधारात बसणार नाहीस."

तिने खाली सही केली. माझ्या गादीखाली तेव्हा एक पेटी होती. झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी त्या शरदात दिलेलं यंत्र. नाकावर रबरी मुखवटा, त्याला सोंडेसारखी नळी. ज्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला त्याला झोपेत हवा पुरवावी लागते, हे पंगतीत सांगवेना.

तीन आठवड्यांत बॅटरी मेली. व्हर्ना सकाळी वीज मोजायचं यंत्र घेऊन आली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडी चढून पॅनेल पुसून आली, एकेक तार ओढून पाहिली. मग पायरीवर बसली.

"सगळं ठीक आहे. म्हणजे बेरीज चुकली माझी."

बोलायची वेळ तीच होती. मी काय म्हणालो? "होतं गं. वय झालं आपलं."

दुसऱ्या दिवसापासून ती दारोदार फिरताना दिसली. माझ्याखेरीज तिने चौदा गाड्यांचे हिशेब केले होते. प्रत्येकाकडून ताटली परत मागत होती, उन्हात टोपीही न घालता. चौथ्या दिवशी शेजारची लूस अरेयानो मला म्हणाली, "ऐकलंस का? व्हर्ना गाडी विकतेय. ओमाहाला मुलीकडे जाणार, कायमची."

"का?"

"तिच्या आईचं म्हातारपणी डोकं गेलं ना, ते बेरजांपासूनच सुरू झालं होतं. आता माझी पाळी, म्हणते. तुझ्याच बॅटरीवरून कळलं म्हणे तिला."

मी पेटी काढली आणि दोन्ही हातांवर घेऊन तिच्याकडे गेलो. टेबलावर चौदा ताटल्या पसरून ती बसली होती.

"व्हर्ना, हे सांगायचं राहिलं."

तिने यंत्रामागे चिकटवलेला कागद वाचला. "आठ तास? पाणीही तापवतं? म्हणजे चारशे. एकशे तीस न् चारशे, पाचशे तीस. येतात तीनशे." एका दमात. "बॅटरी आटणारच होती."

मी माफी मागू लागलो, तिने हात वर केला.

"गेल्या वर्षी तुझ्या घोरण्याने अर्धं वाळवंट जागं असायचं. यंदा सगळं शांत. ते माझ्या कानांनी टिपलं होतं, पण मी विचारलं नाही. तेवढी चूक माझी." तिने पेटी मिटली. "पण 'वय झालं आपलं' हे तू म्हणालास. तुला माहीत असताना."

"हो."

"मी मुलीला फोन केलाय. तिने खोली रंगवायला घेतलीय."

"मी सांगतो तिला."

"तिला मी सांगेन. तू या चौदा ताटल्या उचल न् ज्याच्या त्याला परत देऊन ये. कारणासकट. आणि राजे, नाटक करायचं नाही. हुंदका नको, हात जोडणं नको. सरळ सांग."

चौदा दारं. 'तिची बेरीज बरोबर होती, मी खोटं बोललो.' एवढंच वाक्य, पण इतकं जड भाषण मी कधी पाठ केलं नव्हतं. लूसने ताटली घेतली आणि दार लावून घेतलं.

व्हर्नाने गाडी विकली नाही. मला नवी ताटली करून दिली: दोन पॅनेल, दोन बॅटऱ्या. अजून लोक तिच्याकडे येतात. फक्त पूर्वी ती बेरीज एकदाच करायची. आता वरून खाली करते आणि ओठ हलवत पुन्हा खालून वर. मी समोर असलो तर हळू करते की मलाच तसं वाटतं, कोण जाणे. मी उठून जात नाही. ती पूर्ण होईपर्यंत बसून राहतो.