तेरावा दिवस मोजणाऱ्या मॅडम

“आज कितवा?” दारातून आत येता येता बोट वर करून मॅडम विचारायच्या. नमस्कार नाही, ‘चहा झाला का’ नाही. मी म्हणायची, “चौथीचा तेरावा.” चौथी म्हणजे चार नंबरच्या पिंजऱ्यातली उंदरीण आणि तेरावा म्हणजे तिच्या गाभणपणाचा दिवस. एकदा सिविक सेंटरच्या बाजारात भाजी घेताना त्या आनंदानं ओरडल्या, “अगं, आज तेरावा!” शेजारच्या बाईंनी डोक्यावर पदर घेऊन विचारलं, “कोण गेलं हो?”

अशी एखादी झपाटलेली बाई तुमच्याही ओळखीत असेल. मॅडम भिलाईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी त्यांची डेमॉन्स्ट्रेटर. मादी पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्यात अंडी कशी घडू लागतात आणि कोणती जीन्स ती घडवतात, हा त्यांचा पीएच.डी.चा विषय. तेराव्या दिवसाच्या सुमारास त्या कोवळ्या पेशी अंडी होण्याच्या वाटेला लागतात. त्यातल्या एका जीनचं नाव चक्क स्टील, उंदरांच्या पोलादी रंगाच्या केसांवरून पडलेलं. हे कळल्यावर स्टील प्लांटमधले त्यांचे यजमान आठवडाभर सांगत सुटले, “आमच्या घरी दुसरा प्लांट चालू आहे!”

कॉलेजच्या टिनाखाली उंदीर उन्हानं मरायचे, म्हणून ते सेक्टर दहामधल्या मॅडमच्या क्वार्टरमध्ये, मागच्या खोलीत राहायचे. नर वेगळे, माद्या वेगळ्या. ठरलेल्या संध्याकाळी गाठ घालून द्यायची, सकाळी तपासून तारीख लिहायची.

श्रावणात वर्ध्याहून सासूबाई आल्या. बाप्पाचं वाहन म्हणून उंदरांना गूळखोबरं चारू लागल्या. एका दुपारी आम्ही दोघी घरी येऊन बघतो तर खालचे सगळे पिंजरे उघडे आणि नर-माद्या एकत्र.

“अवं, नवरा-बायकोले कावून येगळं ठेवून राहिली तू?” सासूबाई म्हणाल्या. “तळतळाट लागन ना! मी लावून दिल्या जोड्या.”

आता कोणाची तारीख कोणती, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मॅडमचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन पुढच्या महिन्यात संपत होतं. तेराव्या दिवसाची शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. ती हुकली की सहा वर्षं पाण्यात. मला वाटलं, आता या रडणार. त्या मटकन खाली बसल्या आणि हसतच सुटल्या. “आई, तुम्ही तर सामूहिक विवाहच उरकला हो!”

वरच्या फळीवर सासूबाईंचा हात पोचला नव्हता, तिथल्या दोन तरुण माद्या तेवढ्या बचावल्या होत्या. आठवड्याभरात त्यांची गाठ घालून दिली, दिवस मोजले. तेरावा आला नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाचा.

वैदर्भीय घरात त्या दिवशी सून नसणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, सोवळं, आणि सून निघाली उंदीर कापायला! सकाळी मी पिंजरा न्यायला गेले तेव्हा मॅडम स्वयंपाकघराच्या दारात नुसत्याच उभ्या होत्या. सासूबाई पुरण वाटत होत्या.

“जा तू. लक्ष्म्या माह्याकडं.”

“पण आई, आजच्या दिवशी जीव घ्यायचा...”

“पाप लागन तं मले लागन. पिंजरे मीच उघडले होते.”

सुट्टीचं कॉलेज रिकामं होतं. दुपारी पोटातल्या मादी पिल्लाच्या रंगवलेल्या पेशी काचेवर दाबून मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या, आणि दुसऱ्याच क्षणी मला धरून त्यांनी अशी गिरकी घेतली की एक बीकर फुटला. “लागल्या गं! लागल्या वाटेला!”

चारच्या सुमारास यजमानांच्या स्कूटरवरून सासूबाई पुरणपोळीचा डबा घेऊन आल्या. “दाखव मले,” म्हणाल्या. स्टुलावर बसून, एक डोळा हातानं झाकून त्यांनी पाहिलं. “अवं, ह्या तं शेवया!”

“पेशींतले धागे ते, आई. पुढं त्याच पेशींची अंडी होतात. मुलगी जन्मते ती आपली सगळी अंडी बरोबर घेऊनच. माणसांतही असंच.”

सासूबाई डोळा काढेनात. मग तशाच वाकलेल्या म्हणाल्या, “माह्यी पोरगी आठ दिवसांची होऊन गेली. तिच्यातही होती का?”

या मुलीबद्दल मला माहीत नव्हतं. मॅडमनाही नव्हतं.

“होती, आई. सगळी होती.”

प्रबंध वेळेत गेला, डिग्रीही मिळाली. निवृत्तीनंतर मॅडम नागपूरला गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी त्या वारल्याचं कळलं. मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या. अजून भिंगाला डोळा लावून बसलेल्या सासूबाईंच्या मागे उभ्या. मायक्रोस्कोपचा दिवा बंद करायला हात पुढे गेलेला, आणि तो त्यांनी हळूच मागे घेतलेला.