दुसरी फीत

खून, दरोडे, दंगली, माझ्या नोकरीत सगळे झाले. पण जुन्या केसेसचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर आधी एक साधी चौकशी उभी राहते. तिच्यात आरोपपत्रसुद्धा दाखल झाले नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. नागपुरात गांधीबागेच्या कापडबाजाराजवळच्या ठाण्याचा मी ठाणेदार होतो.

जानेवारी संपत आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक निवृत्त सुभेदार टाइप केलेला अर्ज घेऊन आले. प्रजासत्ताकदिनी बाजारातल्या व्यापाऱ्यांनी झेंडावंदन ठेवले होते. एका कापडाच्या गोदामाचा चौकीदार स्वतःला फौजेतला माजी नाईक म्हणवत असे. तो त्या दिवशी परेडचा जुना गणवेश घालून आला आणि व्यापाऱ्यांनी कौतुकाने त्याच्याच हातून झेंडा फडकवला. सुभेदार समोरच बसले होते. चौकीदाराच्या छातीवर सेना पदकाच्या दोन सारख्या फिती शेजारीशेजारी शिवलेल्या त्यांनी पाहिल्या. हा माणूस तोतया आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मी म्हणालो, पदक दोनदा मिळाले असेल. त्यांनी मला शांतपणे समजावले. तेच पदक दुसऱ्यांदा मिळाले तर नवे पदक देत नाहीत. पहिल्याच पदकाच्या फितीवर धातूची एक पट्टी चढते. गणवेशावर नुसती फीत लावायची असेल तर ती एकच लावायची आणि तिच्यावर एक बारीक चिन्ह बसवायचे. दोन सारख्या फिती कोणी लावत नाही.

"ज्याला खरंच दोनदा मिळतं, त्याला पलटणीत हे शिकवतात," ते म्हणाले. "बाजारातून विकत घेणाऱ्याला कोण शिकवणार?"

दंड विधानात सैनिकाचे सोंग घेणाऱ्यासाठी कलम आहे. मी चौकशी लावली आणि चौकीदाराला बोलावले.

पंचेचाळिशीचा, डाव्या पायाने किंचित लंगडणारा माणूस आला. सांगेपर्यंत बसला नाही. त्याने पेन्शनचे कागद काढून ठेवले, ते खरे होते. एका पदकाचे पत्रही होते, तेही खरे वाटले. म्हणजे माणूस तोतया नव्हता. दुसऱ्या फितीचा कागद मागितला तर नाही म्हणाला. ती आणली कुठून, असे विचारले.

"सदरबाजारातून इकत घेतली, साहेब."

"काहून? कशासाठी?"

"दोन्ही माह्याच आहेत."

त्यापुढे तासभर विचारले, तरी तेवढेच उत्तर. माझा दुय्यम अधिकारी आत टाका म्हणाला. पण माझा अनुभव वेगळा होता. खोटे बोलणारा माणूस न विचारता बोलतो, खुलाशावर खुलासे देतो. हा काहीच सांगायला तयार नव्हता. मी त्याचा जबाब नोंदवला, गणवेशाचा कोट जप्त केला, त्याला घरी पाठवले आणि फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिले.

दरम्यान गोष्ट बाजारात पसरली. झेंडा फडकवणारा चौकीदार खोटा निघाला, असे जो तो बोलू लागला. गोदामाच्या मालकाने त्याला घरी बसवले. महिन्याने उत्तर आले. सेना पदक एकदा मिळाले होते. दुसऱ्यांदा मिळाल्याची नोंद नव्हती.

कागदोपत्री काम संपले होते, पण मला चैन पडेना. एका दुपारी जमादाराला घेऊन मी कामठीला त्याच्या घरी गेलो. तो काम शोधायला बाहेर गेला होता. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. त्याची बायको हातमागावरून उठून आली. मी आलो ते कशासाठी हे तिला माहीत होते. ट्रंक उघडून तिने एक घडी घातलेले पत्र माझ्या हातात दिले.

"ते सांगतीन नाही आनि तुमाले समजन नाही," ती म्हणाली. "म्हून मी देतो."

पत्र हिंदीत होते, फौजी इस्पितळातून आलेले, अक्षर कापरे. लिहिणारा त्याचा मेजर होता. पासष्टच्या लढाईत या नाईकाने जखमी मेजरला आणि दोन जवानांना गोळीबारातून ओढून मागे आणले होते. पायात गोळी लागली ती तेव्हाच. मेजरने लिहिले होते, पदकासाठी तुझे नाव दुसऱ्यांदा पाठवले आहे. पत्रानंतर आठ दिवसांनी मेजर वारला, असे बायकोने सांगितले.

दुसऱ्या दिवशी नाईकाला बोलावून मी ते पत्र टेबलावर ठेवले. पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला. हे आधी का दाखवले नाही, असे मी विचारले.

"दाखवलं असतं तर तुमी वर इचारलं असतं," तो हळू म्हणाला. "वरून लिहून आलं असतं, असं काही नाही. मंग खोटं कोन ठरलं असतं? मेजरसाहेब. ते काही सांगाले येऊ शकत नाही. मले म्हना ना खोटा, मी हावो इथं."

मी सुभेदारांना बोलावणे पाठवले.

त्यांनी उभ्यानेच पत्र वाचले आणि मग खुर्ची ओढून नाईकाच्या शेजारी बसले. शिफारस वेगळी आणि पदक वेगळे, हे त्यांनी त्याला सांगितले. अधिकारी नाव लिहून पाठवतो, ते एकेक कचेरी चढत वर जाते. वर पुष्कळ नावे जातात, मंजूर थोडीच होतात. इतकी वर्षे नाईकाला हे ठाऊकच नव्हते. नाव गेले म्हणजे पदक मिळालेच, फक्त कागद कुठेतरी अडला, असे तो धरून चालला होता.

"तुझ्या मेजरनं खोटं नाही लिहिलं गा," सुभेदार म्हणाले. "देणं त्यांच्या हातात नव्हतं."

"म्हंजे साहेबायनं पाठवलं होतं?"

"पाठवलं होतं."

नाईकाने मान खाली घातली. मग त्याने जमादाराकडे ब्लेड मागितले. मी कोट आणवला. कापड फाटू नये म्हणून त्याने दुसऱ्या फितीचा एकेक टाका सावकाश उसवला. सुभेदारांनी अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले. तिथून ते स्वतः गोदामाच्या मालकाकडे गेले. सोमवारी नाईक परत फाटकावर होता.

सुभेदारांची तक्रार रास्त होती. ज्याला जे मिळाले तेच त्याने छातीवर लावावे, एवढाच त्या नियमाचा अर्थ. मी शिकलो ते चौकशीबद्दल. गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, असे आम्ही गृहीत धरतो. तेव्हापासून मी गप्प माणसाला हेही विचारू लागलो, की तू बोललास तर कोणाला लागेल? कितीतरी जण तेवढ्यावर बोलू लागले.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. मेजरची शिफारस खरोखर पाठवली गेली होती का, हे रेकॉर्ड ऑफिसला विचारणे माझे काम होते. सुभेदारांनी "पाठवलं होतं" म्हटले ते अंदाजाने, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होते. त्या चौकशीची फाइल मी अपुरी बंद केली. तसे विचारणारे पत्र मी मुद्दाम लिहिले नाही; नाही असे उत्तर आले असते, तर मेजरच खोटा ठरला असता.