एकोणीस वर्षांची मास्तरीण

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावात कापडाच्या दुकानावर शेठजींनी कॉम्प्युटर क्लास काढला होता. वर्षाचा डिप्लोमा करून मी तिथे शिकवायची नोकरी मागायला गेले. शेठजींनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं.

"वय?"

"एकोणीस."

"बँकेची माणसं शिकायला येणार. साडी नेसून ये. कोणी विचारलंच तर चोवीस सांग."

पहिल्या दिवशी आईची नायलॉनची साडी नेसले, ती सारखी सुळसुळत होती. समोर सगळे बापाच्या वयाचे. त्यांत धरणगावचे एक नाना, रिटायरमेंटला आलेले हेड कॅशियर.

"मना घर तुनाएवढी पोर शे," ते अहिराणीत म्हणाले; घरी माझ्याएवढी मुलगी होती त्यांना. "ग्रॅज्युएट तरी आहेस का?"

सगळे हसले. मी गडबडीने फळ्याकडे वळले, पाय वायरीत अडकला आणि सगळे स्क्रीन काळे झाले. माझे डोळे भरून आले.

"एकोणीसची आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण हे मला येतं."

नानांनीच वाकून प्लग लावला. "उद्या ड्रेस घाल बेटा. पडशील नाहीतर."

पुढे कळलं, बँकेने पाठवलेल्यांत नाना नव्हतेच. पन्नाशीपुढच्यांना कॉम्प्युटर जमणार नाही, असं साहेबांचं मत. नाना पदरची फी भरून येत होते.

"तुझं वय भरत नाही, माझं भरून गेलंय," ते म्हणायचे आणि एका बोटाने अक्षर शोधत बसायचे. मुलीचा बायोडाटा त्यांनी स्वतः इंग्रजीत टाइप केला. प्रिंटर किरकिरत होता तोवर ते उभेच होते. कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या मला फाडू दिल्या नाहीत. तसाच गुंडाळून घरी नेला.

बँकेत कॉम्प्युटर आला, पण त्यावर दोन तरुण क्लार्क बसवले. नाना कॅश काउंटरवरूनच रिटायर झाले.

नंतर एकदा बसस्टँडवर भेटले. तोवर मी ग्रॅज्युएट झाले होते, पण पुण्याच्या एका कंपनीने इंजिनिअरच हवा म्हणून परत पाठवलं होतं. ते सांगून मी विचारलं, "नाना, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. रोज त्या मशीनसमोरून जायचो." मग म्हणाले, "पन माले येस. तुलेबी येस. ते कोन काढी लई?" आपल्याला येतं, ते कोण काढून घेणार, असं त्यांचं म्हणणं.

धरणगावची गाडी लागली. त्यांनी खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरली आणि परत माझ्याशी बोलायला आले.