सुतळीचा कुड

आमच्या आत्याला निरोप सांगायला लावणं आणि रेड्याला अंगाई ऐकवणं सारखंच होतं. "बाई, दादाले म्हणा मोटार बंद कर," असं बाबा म्हणाले, की हातातलं सूप न थांबवता ती म्हणायची, "मी काय डाकवाली आहे का? तोंड आहे नं तुले? जाय, सांग." बाबा जात नसत. मोटार चालूच राहायची, टाकी भरून वाहायची, अंगणात चिखल व्हायचा. आत्या लुगडं वर धरून त्या चिखलातून पलीकडे जेवायला जायची, पण निरोप काही द्यायची नाही. मला तिचा असा राग यायचा!

बाबा आणि मोठेबाबा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. मोठेबाबांच्या मुलीच्या लग्नात मांडवात सगळ्या भाऊबंदांना शेला-टोपी झाली, फक्त सख्ख्या भावाला द्यायची राहिली. मोठेबाबा म्हणाले, घरच्या माणसाला कसला आलाय मान? बाबा म्हणाले, घरचाच माणूस विसरता? झालं! तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. त्याच वर्षी एका अंगणाची दोन अंगणं झाली आणि मधे कुड उभा राहिला.

आमचं गाव वरवट बकालच्या बाजूचं, तुरीचं. तिथला कुड म्हणजे तुरीच्या वाळलेल्या तुराट्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, दोन्ही अंगांनी बांबूच्या आडव्या कामट्या लावायच्या आणि सुतळीने आवळायच्या. आमच्या कुडाचं एक टोक आत्याच्या खोलीला टेकलेलं होतं. ती दोघांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. खोलीला दोन दारं, एक आमच्या अंगणात, एक त्यांच्या. सकाळचं जेवण इकडे, संध्याकाळचं तिकडे. कोणाकडे भाजी खारट झाली हे तिला माहीत असायचं, पण या घरातलं त्या घरात कधी बोलली नाही.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तिच्या हातात पोती शिवायचं दाभण यायचं आणि आमच्या घरातल्या दोन पुरुषांची पाचावर धारण बसायची. वर्षभरात उन्हापावसाने सुतळी कुजलेली असायची, कामट्या लोंबायच्या, बकऱ्या तोंड घालून मोकळ्या व्हायच्या. कुड बांधायला माणसं लागतात दोन. एकाने या अंगाने दाभण खुपसायचं, दुसऱ्याने त्या अंगाने ओढून घ्यायचं, आवळायचं आणि परत खुपसायचं. एकट्याचं ते कामच नाही. मजूर लावावा तर आत्याने एक रीत सांगून ठेवलेली होती, "भावकीच्या कुडाले भाईरचा हात लागला, का वायवी लागते." वाळवीच्या भीतीने म्हणा, बहिणीच्या धाकाने म्हणा, दोघे भाऊ कुडाच्या दोन बाजूंना मांडी घालून बसायचे. लग्न होऊन मी खामगावला गेले तेव्हा सासरी ही रीत सांगितली. सासूबाई हसून म्हणाल्या, "असं काही नसते वो." मग चार ठिकाणी विचारलं. कोणीच ऐकलेली नव्हती. म्हातारीने ती आपल्या मनाने काढली होती.

पहिली काही वर्षं दोघांचं बोलणं म्हणजे "घे", "ओढ" आणि "बस". त्यापलीकडे शब्द नाही. आत्या आपल्या उंबऱ्यावर बसून दोन्हीकडे नजर ठेवायची. काम लवकर उरकतंय असं दिसलं, की कुठेतरी बोट दाखवायची, "इथी सैल आहे. उसवा." निमूटपणे उसवायचे दोघे. एकदा बाबांनी जोरात दाभण खुपसलं ते थेट मोठेबाबांच्या अंगठ्यात.

"दिसत नाही का बे गजा तुले?" मोठेबाबा ओरडले.

"तू बोट काऊन ठेवलं तिथी?"

"मंग काय नाक ठेवू?"

आत्याच्या खोलीतूनच हळदीचा डबा उचलून बाबा पलीकडे धावले. भावाच्या अंगठ्यावर हळद दाबून त्यांनी चिंधी बांधली, हे मी या बाजूने तुराट्यांच्या फटीतून पाहिलं. आत्याने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले तर बाई हसत होती! माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणाली, "आज पुरं बोलले."

बाबांनाही या दरवर्षीच्या कटकटीचा कंटाळा आलाच होता. एका वर्षी जळगाव जामोदच्या बाजारातून त्यांनी बारीक तारेचं वेटोळं आणलं. सुतळी कुजते, तार कुजत नाही, साधा हिशेब. आत्याने ते वेटोळं हातात घेतलं, वजन पाहावं तसं वरखाली केलं आणि माळ्यावर भिरकावून दिलं. "तारेनं बांधलं तं धा वर्सं उसवत नाही," ती म्हणाली. "मग चांगलंच की!" मी म्हणाले. तेव्हा माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसं काही मला अजून दुधाचे दात आहेत. "तुले काय समजते," म्हणाली, आणि मग हळूच, "माये डोये मिटाच्या आंधी हे दोघं बिनकामाचं बोलले पाह्यजे. तवर सुतळीच." सगळ्या जिल्ह्यात कुड टिकावा म्हणून बांधतात, आमची आत्या तो टिकू नये म्हणून बांधून घेत होती.

मागच्या वैशाखात असं वादळ आलं की कडुनिंबाची भलीमोठी फांदी मोडून कुडावर पडली. पार आडवा झाला. दुरुस्त करावा की काढूनच टाकावा, यावर दोन्ही घरांत खल झाला. मोठेबाबांचा मुलगा म्हणाला, तुराट्यांत विंचू बसतात, एकदाची विटांची भिंत घालू. मोठेबाबांनी मान डोलावली. बाबा म्हणाले, हल्ली तूर मशीनने काढतात, लांब तुराट्या मिळतात कुठे? भिंतच बरी. इतक्या वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही भिंतीवर! ही बातमी मला आईने फोनवर सांगितली, आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिलं हेच आलं. आता म्हातारीचं कसं होणार?

आत्या आदळआपट करेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने काहीच केलं नाही. विटांचा ट्रॅक्टर आला, विटा दोन्ही अंगणांत रचल्या गेल्या, ती पाहत राहिली. मग म्हणाली, "बांधा नं भित. मी कायले नाही म्हणू? पण पाणकाळ्याच्या तोंडावर पाया खोदसान तं चिखलात बसन. दिवाळी होऊ द्या. तवर बकऱ्या नाही आल्या पाह्यजे, एवढं उभं करा." यात खोट काढावी असं काही नव्हतं. दोघांनी मोडक्या तुराट्या वेचल्या, शेजाऱ्यांकडून थोड्या मागून आणल्या आणि पुन्हा कुड बांधला. त्या दिवशी तिला बसवत नव्हतं, म्हणून उंबऱ्यात बाज टाकली होती. पडल्या पडल्या ती म्हणाली, "इथी सैल आहे." आई सांगते, तिथे मुळीच सैल नव्हतं. तरीही दोघांनी उसवलं.

दिवाळी आली तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. भिंतीचा विषय कोणी काढला नाही. मार्गशीर्षात एका सकाळी ती गेली. कोणत्या दारातून न्यायचं, यावर दारात माणसं घुटमळली. शेवटी आमच्या दारातून नेलं, कारण सकाळचं जेवण तिचं आमच्याकडे असायचं. मोठेबाबा खांदा द्यायला आमच्या अंगणात आले. दोघे भाऊ तिरडीच्या पुढच्या अंगाला होते. एक अक्षर बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, गेली बिचारी, आणि तिचं एवढंसं मागणं राहून गेलं. मला फार वाईट वाटलं.

यंदा अखजीला माहेरी गेले. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आत्याची ही पहिलीच घागर. कोणत्या घरात भरायची हा प्रश्न होताच. आई आणि मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, यांनी आपसात ठरवून ती आत्याच्या खोलीत, दोन दारांच्या बरोबर मधे ठेवली. नैवेद्य दोन्ही घरांतून आला. जेवणं झाली, मी जरा आडवी झाले, तर अंगणातून आवाज आला, "ओढ."

बाहेर येऊन पाहिलं. कुड पार खिळखिळा झाला होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोघे म्हातारे बसले होते. बसायला भिंतीच्याच विटा घेतल्या होत्या. उंबरा रिकामा होता. बाबांच्या हातात आत्याचं दाभण होतं आणि पलीकडून मोठेबाबांचं चाललं होतं, की बाईच्या हातची आंबाडीची भाजी आता कोणालाच जमत नाही, तुझ्या घरीही नाही आणि माझ्या घरीही नाही. बाबा हो ला हो देत होते.

सुतळी जुनी होती, मधेच तुटली. मी म्हटलं, "बाबा, माळ्यावर ते तारेचं वेटोळं पडलंय अजून. काढून देऊ?"

बाबांनी मान वर केली नाही. तुटलेल्या सुतळीला गाठ मारत म्हणाले, "राहू दे. तारेनं बांधलं तं पुढच्या वर्साले काय बांधू?"

"गप्पा काय हाणून राह्यला बे पोरीसंग?" पलीकडून मोठेबाबा ओरडले. "इथी सैल आहे. उसव."