झूम नसलेली लेन्स आणि मुहूर्ताचा फोटो

माझा स्वतःचा कॅमेरा एका कंपनीचा. आमच्या कानडी शहरात नजरबाद भागातल्या ज्या सरांबरोबर मी लग्नांचे फोटो काढायला जाते, त्यांचे सगळे कॅमेरे दुसऱ्या कंपनीचे. सर म्हणाले, "तुझा घरी ठेव. अल्बममध्ये दोन्ही कॅमेऱ्यांचे रंग जुळत नाहीत."

मला चिंता बोटांची होती. मी चारचौघांत फारशी बोलत नाही. डोळा एकदा कॅमेऱ्याला लावला की शक्यतो काढत नाही, त्यामुळे बटणं न बघताच सापडावी लागतात. माझ्या कॅमेऱ्याची डायल उजवीकडे फिरवली की फोटो उजळतो, सरांचा तेवढ्यानेच काळवंडतो. झूमची रिंगही उलटी. पण त्यांची पकड खोल, हातात घट्ट बसणारी. कमी उजेडात लागणारं आयएसओचं बटण शटरच्या बटणामागेच, बोटाखाली. माझ्याकडे ते पाठीमागे अंगठ्याने चाचपडावं लागतं. हे कबूल करणं जिवावर आलं, पण खरं होतं.

सरांच्या कॅमेऱ्याच्या मेनूत डायलची दिशा बदलायची सोय सापडली. लगेच बदलली. झूमच्या रिंगला तशी सोय नव्हती, म्हणून मी झूम नसलेली लेन्स मागितली.

"लग्नात झूमशिवाय?" सर हसले. "मग माणसांत घुसावं लागेल हं, मॅडम. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं.

लग्न इथल्याच एका जुन्या मराठी शिंपी कुटुंबातलं. त्यांच्यात अंतरपाट बाजूला होताच नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. जो आधी ठेवेल त्याची सरशी. तो क्षण पुन्हा मिळत नाही.

मंगलाष्टकं संपत आली तशी नातेवाईक मंडळी अक्षता घेऊन पुढे सरसावली. पलीकडे सर आणि त्यांचा भला मोठा झूम पाठींच्या मागे अडकले. माझ्यापुढे नवरीची आत्या. मागून काहीच मिळणार नव्हतं.

"आत्या, जरा सरका!"

आवाज माझाच होता, आणि चांगला मोठा.

"अय्यो! हिला बोलता येतं की!" आत्या इथल्या कानडी ढंगात म्हणाल्या. "बा, बा, ये पुढे. मुकी समजले होते मी तुला."

मी घुसले. तेवढ्यात व्हिडिओवाल्याने दिवा थेट जोडप्यावर वळवला आणि दोघांचे चेहरे पांढरेफटक झाले. बोटाने डायल डावीकडे फिरवली, मी बघितलंसुद्धा नाही. अंतरपाट बाजूला झाला. नवरीचा हात आधी वर गेला, नवरा चकित होऊन हसला, आणि मी बटण दाबलं.

सरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. जिऱ्याचे दाणेसुद्धा दिसत होते.

"माझ्याकडे नुसते खांदे आलेत," ते म्हणाले. "सप्तपदीला तू पुढे राहा. मी मागून काढतो."

मी पुढे जाऊन उभी राहिले.